सिंहस्थाचे पाहुणे, घरातली माणसे आणि प्रत्यारोपणानंतरची काळजी

वाचकाचा प्रश्न : नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात एकत्र कुटुंबात राहणाऱ्या ४१ वर्षांच्या भगिनीचे हे पत्र आहे. गेल्या वर्षी त्यांच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंड त्यांच्या आईने दिले. शरीराने ते नाकारू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या औषधांमुळे त्यांची रोगप्रतिकारशक्ती कमी झाली आहे आणि ‘गर्दी टाळा, संसर्गापासून जपा’ असे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरात पती, सासूबाई, दीर, जाऊ आणि बालवाडीत जाणारा चार वर्षांचा पुतण्या आहे. पुतण्याची सर्दी हटत नाही, सासूबाई रोज गुळवेलीचा काढा पुढे करतात आणि तीर्थ नाकारले की त्यांचा चेहरा उतरतो. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात या वाड्यात पाहुण्यांचा राबता होता, २०२७ मध्येही तो असणार असे सारे धरून चालले आहेत. “इंदिरानगरला भाड्याने फ्लॅट घेऊन वेगळे राहावे का? की मीच उगाच घाबरते आहे? आईने दिलेले मूत्रपिंड माझ्या हातून गेले, तर तिला तोंड कसे दाखवू?” असे त्या विचारतात. पूर्वी त्या घरी शिकवणी घेत असत. ती पुन्हा सुरू करता येईल का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुम्ही दोनच वाटा समोर ठेवल्या आहेत. एक तर सर्वांपासून वेगळे राहायचे, नाही तर भीती झटकून पूर्वीसारखे वागायचे. मला यातली एकही वाट तुमच्यासाठी योग्य वाटत नाही. माणसे जवळ असली की संसर्ग होतो आणि माणसे दूर गेली की तो टळतो, असे तुम्ही मनाशी धरले आहे. प्रत्यक्षात संसर्ग ठरावीक मार्गांनी येतो : बंद खोलीतल्या हवेतून, हातांवरून, पाण्यातून, अन्नातून, डासांच्या चाव्यातून आणि जुन्या भिंतींच्या धुळीतून. यातले अर्धे मार्ग तुमच्याबरोबर इंदिरानगरलाही येतील, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक पंचवटीतल्या वाड्यातही बंद करता येतील. शिवाय पती दिवसभर कामावर असताना रिकाम्या फ्लॅटमध्ये तुम्हाला ताप भरला, तर तो लक्षात यायला आणि दवाखान्यात पोहोचायला होणारा उशीर पुतण्याच्या सर्दीपेक्षा अधिक धोक्याचा आहे. म्हणून वर्षभरासाठी बिऱ्हाड हलवण्याचा विचार मला पटत नाही. सिंहस्थाचे मात्र वेगळे आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी काढ्याचा प्रश्न सोडवू, कारण तुमच्या घरातल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथे आहे असे मला वाटते. सासूबाईंच्या मनात तुम्ही अशक्त झाला आहात, ताकद कमी पडते म्हणून आजार होतील, आणि ताकद वाढवली की प्रश्न सुटेल, असे चित्र असावे. ते चुकीचे आहे, हे त्यांना कोणीतरी नीट बसून सांगितले पाहिजे. तुमची प्रतिकारशक्ती अशक्तपणामुळे कमी झालेली नाही. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड यांसारख्या औषधांनी ती मुद्दाम दाबून ठेवली जाते, कारण ती पूर्ण जागी झाली तर आईच्या मूत्रपिंडाला परके समजून त्यावरच हल्ला करील. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी कोणतीही गोष्ट म्हणूनच तुमच्या उपचारांच्या उलट दिशेने काम करण्याचा धोका असतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. काही वनस्पती आणि फळे रक्तातली औषधाची पातळी बिघडवतात : पपनस आणि ग्रेपफ्रूट खाल्ल्याने टॅक्रोलिमसची पातळी वाढते आणि ती वाढली की मूत्रपिंडालाच त्रास होतो. आपल्याकडच्या द्राक्षांचा तसा काही दोष नाही. फवारणीचा अंश आणि माती जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुऊन ती खुशाल खा. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका. सुनेने नकार देणे आणि डॉक्टरांनी नकार देणे यांत आपल्या घरांमध्ये फार अंतर असते. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि त्यांच्यादेखत डॉक्टरांना काढ्याबद्दल विचारा.

त्याच भेटीत आणखी एक काम करायचे आहे. ‘गर्दी टाळा, जपा’ हा सल्ला इतका मोघम आहे की त्यातून प्रत्येकजण आपापल्या सोयीचा अर्थ काढतो. तुम्ही सर्वांत कडक अर्थ काढलात, जाऊबाईंनी बहुधा सर्वांत सैल काढला असेल. प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने ते वर्ष सर्वांत जोखमीचे असते, कारण औषधांचे प्रमाण तेव्हा सर्वाधिक असते. पुढे सगळे सुरळीत असेल तर ते कमी होत जाते. मूत्रपिंड नाकारले जाण्याची चिन्हे दिसून वाढीव उपचार करावे लागले, तर मात्र घड्याळ पुन्हा मागे जाते. तुम्ही आज नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहात, संसर्ग रोखण्यासाठी दिलेल्या गोळ्या अजून चालू आहेत का, कोणत्या लसी झाल्या आणि कोणत्या राहिल्या, ताप आला तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे सारे कागदावर लिहून मागा. हा कागद घरात सर्वांना दिसेल अशा जागी लावला म्हणजे रोज नव्याने वाद घालावे लागणार नाहीत.

आता पुतण्या. बालवाडीतल्या मुलाला वर्षात अनेकदा सर्दी होणे स्वाभाविक आहे आणि त्याला तुमच्यापासून कायम तोडणे मला क्रूर वाटते, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. त्याच्याभोवती एक साधी शिस्त आखता येईल. शाळेतून आल्यावर त्याने आधी साबणाने हातपाय धुवावेत आणि कपडे बदलावेत. तो निरोगी असेल तेव्हा त्याला जवळ घ्या, गोष्टी सांगा. त्याच्या ताटातले उष्टे तेवढे खाऊ नका आणि त्याला तोंडावर पापे घेऊ देऊ नका. नाक वाहत असेल, खोकला किंवा ताप असेल, त्या दिवसांत तो दुसऱ्या खोलीत झोपेल, तुम्ही एकाच जागी असाल तेव्हा खिडक्या उघड्या राहतील आणि तुम्ही चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावाल. घरातल्या मोठ्यांनाही हाच नियम लागू हवा, आणि इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे : आजारी माणसाने मास्क लावणे हे आजारी नसलेल्या माणसाने लावण्याइतकेच, किंबहुना अधिक, उपयोगाचे असते. दीर खोकत असतील तर मास्क त्यांनीही लावावा. आजवर ही सारी जबाबदारी एकट्या तुमच्यावर पडली आहे, आणि तुम्ही तीत ‘मी सर्वांना त्रास देते’ अशी अपराधी भावना मिसळली आहे. तुम्ही त्रास देत नाही. ज्या घरात मधुमेही माणूस असतो तिथे चहात साखर वेगळी घातली जाते आणि त्याचे कोणी उपकार मानत नाही.

सर्वांनी मिळून करायची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लसीकरण. तुमच्या शरीरात लसीचा परिणाम कमी होतो, म्हणूनच भोवतालच्या माणसांनी लसी घेतलेल्या असणे तुमच्यासाठी भिंतीसारखे काम करते. फ्लूची साथ आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास येते. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे दरवर्षी मे महिन्यात घरातल्या सर्वांनी इंजेक्शनची फ्लूची लस घेतलेली बरी. न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी आणि नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस तुमच्यासाठी केव्हा योग्य ठरेल हे डॉक्टरांना विचारा. गोवर-रुबेला, कांजिण्या, नाकातून द्यायची फ्लूची लस, तोंडावाटे द्यायची पोलिओची लस यांसारख्या जिवंत विषाणू असलेल्या लसी मात्र तुम्ही घ्यायच्या नाहीत.

पुतण्याच्या बाबतीत उलट आहे. गोवराची आणि कांजिण्यांची लस त्याला मिळालीच पाहिजे. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नसल्याने ती राहून गेलेली असू शकते. जाऊबाईंना त्याचे कार्ड काढून पाहायला सांगा. लस घेतल्यावर त्याच्या अंगावर पुरळ आले, तर ते सुकेपर्यंत तेवढे दूर राहा. पोलिओचे थेंब ही एक नाजूक बाब आहे. थेंबांतला सौम्य केलेला विषाणू मुलाच्या शौचावाटे काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून प्रतिकारशक्ती दाबलेली व्यक्ती घरात असेल तर इंजेक्शनची लस पसंत केली जाते. पोलिओपासून संरक्षण त्या मुलाला हवेच, त्यात तडजोड नाही. पल्स पोलिओचा रविवार येण्याआधी बालरोगतज्ज्ञांना तुमच्या प्रत्यारोपणाची कल्पना देऊन काय करायचे ते ठरवा. थेंब दिले गेलेच, तर पुढचे चार ते सहा आठवडे त्याची शी धुण्याचे काम दुसऱ्या कोणी करावे आणि घरात हात धुण्याकडे जास्त लक्ष असावे.

बालवाडीत कोणाला गोवर किंवा कांजिण्या झाल्याचे कळले, तर वाट पाहू नका. कांजिण्यांचे पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग पसरवत असते आणि गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. संपर्कानंतर काही ठरावीक दिवसांतच संरक्षक उपचार देता येतात, म्हणून फोन त्याच दिवशी झाला पाहिजे. क्षयरोगाचेही तसेच. घरात, कामाला येणाऱ्या बाईंना किंवा शेजारी कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यायला सांगण्यात संकोच करू नका. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. तुमच्यासाठी हा आजार दुहेरी अडचणीचा आहे, कारण त्यावरचे रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध टॅक्रोलिमसची पातळी खूप खाली आणते.

ज्या धोक्याचा तुम्ही पत्रात उल्लेखही केलेला नाही, तो मला वाड्यातच दिसतो. जुन्या भिंती, ओल धरलेले लाकूड, माळ्यावरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा यांत बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी फुप्फुसांना त्यांचे काही वाटत नाही, तुमच्या फुप्फुसांत ते गंभीर आजार करू शकतात. सिंहस्थासाठी वाड्याची डागडुजी निघेल, शेजारचा एखादा वाडा पाडला जाईल. असे काम सुरू असताना आणि धूळ पूर्ण झाडून-पुसून होईपर्यंत तुम्ही तिथे राहू नये, माळा साफ करू नये. राहायला वरच्या मजल्यावरची, समोरासमोर खिडक्या असलेली, ओल नसलेली खोली मागून घ्या. थंडीत निफाडचा पारा उतरला की आपण नाशिककर दारे-खिडक्या लावून एका खोलीत जमतो. तुम्ही तेव्हाही खिडकीची एक फट उघडी ठेवून शाल पांघरा. कुंड्यांतल्या मातीत हात घालायचा असेल तर हातमोजे आणि मास्क वापरा.

पाणी खळखळून उकळू द्या, उकळी आल्यावर निदान मिनिटभर तसेच ठेवा आणि झाकून गार करा. क्लोरीनला दाद न देणारे काही परजीवीही त्याने मरतात. दूध तापवलेलेच घ्या. मोड आलेली कडधान्ये कच्ची खाऊ नका. मिसळ सोडायची गरज नाही, ही बातमी तुम्हाला आवडेल : उकळती उसळ आणि तर्री चालेल, वरचा चिरलेला कांदा, दही आणि गाड्यावरचे पाणी नको. रसवंतीचा बर्फ, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळे हे मात्र बंद. तीर्थाबद्दल माझे मत असे आहे की ते हातावर घेऊन मस्तकाला लावावे आणि हात धुवावेत. देवाचा अव्हेर होत नाही आणि सासूबाईंचा मानही राहतो. पंचामृत टाळून गरम शिऱ्याचा किंवा खडीसाखरेचा प्रसाद घ्या.

आता सिंहस्थ. २०२७ च्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. म्हणजे लाखोंची गर्दी, फ्लूचा हंगाम, डेंग्यूचे डास आणि गोदेचा पूर हे सारे एकाच वेळी, आणि तेही तुमच्या दारात. त्यात पर्वणीच्या दिवशी पंचवटीतले रस्ते वाहनांना बंद असतात. तुम्हाला तातडीने रुग्णालयात न्यायचे झाले तर रुग्णवाहिका गल्लीपर्यंत येईलच याची खात्री नाही. तुम्ही विचारलेल्या भाड्याच्या घराचे उत्तर इथे ‘हो’ असे आहे. ते दोन महिने गोदाकाठापासून दूर, तुमच्या रुग्णालयाच्या जवळ एखादे घर घ्या, पतींना किंवा आईला बरोबर ठेवा आणि महिनाभराची औषधे आधीच आणून ठेवा. घरभाडी तेव्हा वाढलेली असतील, म्हणून हे आताच ठरवा. आताच ठरवण्याचे दुसरे कारण असे की आज सांगितलेली गोष्ट योजना वाटते आणि पाहुणे दारात आल्यावर सांगितलेली तीच गोष्ट अपमान वाटते. नातेवाइकांना हा निरोप तुमच्या पतींनी द्यावा. तुमचे पत्र वाचताना मला सतत जाणवले की त्यांनी यात कुठे काय म्हटले याचा उल्लेखच नाही. त्यांनी पुढे यायला हवे.

रामकुंडातले स्नान तुमच्यासाठी नाही, पर्वणीलाही नाही आणि एरवीही नाही. रंगपंचमीच्या रहाडीतही, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदातही, उतरू नका. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागले की पूर पाहायला सारे नाशिक लोटते. तुम्ही पुराच्या पाण्यातून चालू नका, कारण लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मूत्रातून पसरणारा जिवाणूंचा आजार त्यातून होतो. लग्नकार्यांचे इतके कडक नको. उघड्या लॉन्सवरच्या लग्नाला मुहूर्ताच्या गर्दीआधी जाऊन, मास्क लावून भेटून यावे, जेवायचे झाल्यास पहिल्या पंगतीला गरम अन्न घ्यावे. बंद वातानुकूलित हॉलमधला स्वागतसमारंभ सोडून द्यावा.

एवढे करूनही कधी ताप येईल. थर्मामीटरवर १०० अंश फॅरनहाइटच्या वर पारा गेला की आकडा लिहून ठेवा आणि १००.४ झाला की वेळ कोणतीही असो, फोन करा. स्टेरॉइडमुळे ताप पूर्ण वर येत नाही, त्यामुळे ताप नसताना खूप गळल्यासारखे वाटणे, धाप लागणे, लघवी कमी होणे हीही तितकीच गंभीर लक्षणे समजा. मेडिकलमधून स्वतःहून काहीही आणू नका : आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाला इजा होते, आणि काही प्रतिजैविके व बुरशीवरची औषधे टॅक्रोलिमसची पातळी एकदम वाढवतात. संसर्गाच्या भीतीने मूळ गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करणे किंवा चुकवणे तर कधीच करू नका.

हे वाचणाऱ्यांत प्रत्यारोपण न झालेलेही अनेक असतील. केमोथेरपी घेणाऱ्यांची पांढऱ्या पेशींची संख्या साधारणपणे प्रत्येक फेरीनंतर सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान सर्वांत खाली जाते, म्हणून त्यांनी समारंभ आणि प्रवास त्या दिवसांबाहेर ठेवावेत. संधिवातासाठी बायोलॉजिक औषधे (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी औषधे) सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी झालेली हवी. प्लीहा काढलेल्यांनी न्यूमोकोकल आणि मेनिन्जोकोकल लसींबद्दल अवश्य विचारावे.

तुमच्या आईबद्दल. तिने मूत्रपिंड दिले ते तुम्ही जगावे म्हणून; एका खोलीत बसून त्याची राखण करावी म्हणून नव्हे. सर्व काळजी घेऊनही संसर्ग होऊ शकतो, आणि झालाच तर तो तुमचा गुन्हा ठरत नाही. वेळेवर गोळ्या घेणे आणि ताप आल्याबरोबर कळवणे एवढेच तुमच्या हातात आहे, आणि ते तुम्ही करत आहात. ही भीती तिला सांगा. मला वाटते, तिच्या मनातही अशीच एखादी भीती असेल आणि तीही तुम्हाला सांगायला कचरत असेल.

शिकवणी सुरू करा. डॉक्टरांचा होकार घ्या आणि पंधरा मुलांऐवजी चार घ्या, त्यातही सातवीच्या पुढची, ज्यांना सर्दी असताना घरी थांबा म्हटले तर कळते. बंद माजघराऐवजी गॅलरीत किंवा पंखा आणि उघड्या खिडक्या असलेल्या खोलीत बसवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून खिडक्यांना जाळी लावून घ्या आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पावसाळ्याचे पहिले दोन महिने ऑनलाइन शिकवा. पालकांना पहिल्याच दिवशी कारण सांगा. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी मूल पाठवू नये, असे म्हणायला कचरू नका.